मदत हवी आहे: जपानी केळ, चुसान पाम, ट्री फर्न आणि पिवळा सोनटक्का हिवाळ्यात झाकायचे कसे?

पानवेल:
बाग समशीतोष्ण हवामानात आहे. हिवाळ्यात एखाद-दुसऱ्या रात्री पारा उणे ८-९ पर्यंत उतरतो, एरवी हिवाळा म्हणजे पाऊस आणि ओल. माती चिकण. जमिनीत लावलेली झाडं अशी:

जपानी केळ (म्युसा बासजू), खोड पावणेदोन मीटर
चुसान पाम (ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी), खोड साधारण एक मीटर
ट्री फर्न (डिक्सोनिया अंटार्क्टिका), खोड ४० सेंमी
हेडिचियम गार्डनेरियानम, म्हणजे आपल्या सोनटक्क्याचा पिवळा भाऊबंद, चांगला पसरलेला गड्डा

पहिला फ्रॉस्ट (दंव गोठवणारी थंडी) तीन-चार आठवड्यांवर आलाय. बबल रॅप, गोणपाट आणि गार्डन फ्लीस (झाडं झाकायचं पातळ, हवा खेळणारं कापड) घरात आहे. चौघांनाही बबल रॅप गुंडाळून वर गोणपाट बांधलं तर चालेल का? आणि केळीची पानं आत्ताच कापायची की थांबायचं?

कंदमूळ:
चौघांना एकच पांघरूण चालणार नाही. प्रत्येकाचा वाढीचा कोंब कुठे आहे ते आधी बघा, कारण वाचवायचा तो. पानं गेली तर परत येतात.

केळीचा कोंब जमिनीलगत कंदात असतो. वर दिसतं ते खोड नव्हेच, एकात एक बसलेले पानांचे देठ आहेत. बासजूची पानं उणे २-३ ला काळी पडतात, उणे ५ च्या खाली खोडही जायला लागतं, पण जाड आच्छादनाखालचा कंद तुमच्याकडची थंडी सहज काढतो. म्हणजे केळ मरायची भीती नाही, प्रश्न फक्त उंचीचा आहे. खोड टिकलं तर पुढच्या वर्षी पानं डोक्याच्या वर सुरू होतात, आणि फूल बघायचं असेल तर खोड टिकवायलाच हवं. (फळाची आशा नको. बियाच बिया, खाण्यालायक नसतं.)

पानं आत्ता कापू नका. पहिल्या फ्रॉस्टने ती काळवंडू द्या, तोवर कंदात साठा होत राहतो. मग:

१. पानं देठापाशी कापा, खोड दीड मीटरवर आडवं छाटा. काप ओला दिसेल, दोन-तीन कोरडे दिवस बघून मगच पुढचं काम.
२. खोडाभोवती चारही बाजूंनी २५-३० सेंमी जागा सोडून चिकनमेश जाळीचं नळकांडं उभं करा. तीन खुंट्या ठोका, नाहीतर वाऱ्याने कलतं.
३. आत कोरडा पेंढा सैल भरा. दाबून भरलात तर मधली हवा जाते, आणि ऊब धरते ती हवाच. हिरवट गवताची वाळण नको, ती ओल धरून आतून तापते आणि कुजते.
४. वर टोपीसारखं काहीतरी जलरोधक, चारही बाजूंनी १० सेंमी बाहेर येईल असं. बाजूंना फ्लीस किंवा गोणपाट, प्लास्टिक नाही.

बबल रॅप इथेच घात करतो. दिवसा ऊन पडलं की आत वाफ धरते, रात्री तिचं पाणी होऊन खोडावरून ओघळतं. महिन्या-दीड महिन्यात खोड बोटाने दाबलं तर आत जातं आणि आंबूस वास येतो. त्याचा दोष मग थंडीवर जातो.

हिरवळ_अडीचगुंठा:
केळीचा एवढा खटाटोप मला पटत नाही. सरळ ३० सेंमीवर कापा, बुंध्याभोवती मीटरभर घेरात ३० सेंमी जाड पालापाचोळा आणि वर लाकडी सालींचा थर. वसंतात बुंधा आणि मुनवे (बाजूचे कोंब) दोन्ही फुटतात, खतपाणी भरपूर दिलं तर उन्हाळा संपेपर्यंत दोन मीटरवर झाड होतं. पेंढ्याच्या पिंजऱ्यात उंदीर घर करतात आणि खोड कुरतडतात, हे वर कोणी लिहिलं नाही.

कंदमूळ:
उंदरांचं खरं आहे. जाळीचं भोक ६ मिमीपेक्षा मोठं नको आणि खालची कड १० सेंमी मातीत पुरा. बाकी ज्याला उंची हवी त्याने पिंजरा करावा, ज्याला झुडूप चालतं त्याने कापावं. दोन्ही पद्धतींत केळ जगते.

नेचेवाला:
ट्री फर्नबद्दल. त्याचा कोंब खोडाच्या अगदी माथ्यावर, उघड्या खळग्यात असतो. तो मेला की झाड गेलं, बाजूने फुटवा येत नाही. खोड म्हणजे तपकिरी मुळांचं जाडजूड वेष्टण, त्यामुळे खोड जितकं रुंद आणि उंच तितकी सहनशक्ती जास्त. ४० सेंमीचं खोड उणे ८ ला उघडं ठेवण्याजोगं नाही.

माथ्याच्या खळग्यात मूठ-दोन मूठ कोरडा पेंढा सैल भरा. पानं हिरवी असतील तर कापू नका, आत वळवून माथ्यावर आडवी करा आणि सुतळीने सैल बांधा, तेच पहिलं पांघरूण. मग माथा आणि पूर्ण खोड फ्लीसच्या दोन-तीन थरांत गुंडाळा. पाऊस खळग्यात साचून गोठू नये म्हणून वर छोटी टोपी. हिवाळ्यातही खोड पार कोरडं पडता कामा नये. महिन्यातून एकदा, फ्रॉस्ट नसलेल्या दिवशी, फ्लीस सोडवून खोडावर थोडं पाणी शिंपडा, माथ्यात नाही.

कडक थंडी संपली की पेंढा लगेच काढा. नव्या पानांच्या गुंडाळलेल्या मुठी पेंढ्यात अडकल्या तर वेड्यावाकड्या उलगडतात आणि ते पान वर्षभर तसंच राहतं.

कंदमूळ:
पाम चौघांत सगळ्यात चिवट. जमिनीत रुजलेला प्रौढ चुसान उणे १२ च्या आसपास सोसतो, त्याला हिवाळाभर गुंडाळून ठेवू नका. उणे ८ च्या रात्रींसाठी पानं वर गोळा करून सुतळीने बांधा आणि त्यावर एक थर फ्लीस, थंडी ओसरली की सोडा. त्याची भीती निराळी आहे. मधला पोंगा (न उलगडलेलं कोवळं पान) बराच काळ ओला राहून गोठला-वितळला की सडतो.

सोनटक्क्याच्या या भाऊबंदाचे कंद जमिनीच्या अगदी वर, निम्मे उघडे असतात. काळे पडलेले दांडे १५ सेंमीवर कापा आणि कोरड्या पानांचा किंवा सालींचा १५-२० सेंमी थर द्या. चिकण मातीत खरा धोका पाण्याचा आहे. शक्य असेल तर वसंतात गड्डा उचलून, खाली वाळू-खडी मिसळून, भोवतालपेक्षा १५ सेंमी उंच वाफ्यावर परत बसवा. नुसता खड्डा खणून त्यात खडी भरू नका, चिकण मातीत तो पाण्याचा हौद होतो. (जिथे फ्रॉस्ट पडत नाही तिथे हे झाड जंगलात पसरून उपद्रव करतं. न्यूझीलंड आणि हवाई ही त्याची उदाहरणं.)

पानवेल:
सगळ्यांचे आभार, बबल रॅप बाद. अजून दोन शंका. केळीच्या पिंजऱ्यात एलईडी दिव्यांची माळ सोडली तर ऊब मिळेल का? आणि पामचा पोंगा सडतोय हे ओळखायचं कसं?

हिरवळ_अडीचगुंठा:
एलईडीची ऊब नावापुरती. लोक सांगतात ते जुन्या तारेच्या बल्बांच्या माळांबद्दल, आणि कोरड्या पेंढ्यात तसले बल्ब सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. उष्णता हवीच असेल तर थर्मोस्टॅटवाली, बाहेर वापरायची हीटिंग केबल खोडाला लावा, पेंढ्याऐवजी फ्लीसचे थर द्या, आणि जोडणी गळती-संरक्षक स्विचमधूनच. उणे ८ साठी गरज नाही.

कंदमूळ:
वसंताच्या सुरुवातीला पोंगा दोन बोटांत धरून हलकेच वर ओढा. घट्ट असेल तर ठीक. हातात आला, टोक तपकिरी-लिबलिबीत आणि दुर्गंधी, म्हणजे सड लागली. तरी झाड उपटू नका, कोंब त्याच्याही खाली असतो. सैल तेवढं सगळं काढा, भोकात ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ओता. फेस येईल, तो थांबला की कोरडं होऊ द्या. आठवड्याने पुन्हा, फेस येणं थांबेपर्यंत. वर पावसाची टोपी ठेवा आणि हिरवी पानं एकही कापू नका, आता झाड त्यांच्यावरच जगतंय. नवा पोंगा यायला उन्हाळ्याचा मध्य उजाडू शकतो. पहिलं-दुसरं पान आखूड, कातरल्यासारखं येईल, त्याकडे दुर्लक्ष करा.

आणि उन्हाळा उतरायला लागला की चौघांचंही नत्रखत बंद ठेवा. उशिरा आलेली कोवळी वाढ पहिल्याच फ्रॉस्टमध्ये जाते आणि सड तिथूनच आत शिरते.