हिस्टरी पुसली तरी गुडघ्याच्या जाहिराती पाठ सोडेनात, आपला डेटा आपल्या हातात येतो तरी कसा?

गोदाकाठचा, नाशिक

नमस्कार मंडळी. वडिलांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं की नाही यावर दोन महिने आमच्याकडे काथ्याकूट चाललाय. म्हणून घरच्या लॅपटॉपवर मी भरपूर शोधाशोध केली, खर्च किती, दोन्ही गुडघे एकदम करतात का, विम्यात बसतं का वगैरे. पुढचं ओळखलंच असेल. पोरगा कार्टून लावतो तर मधेच गुडघ्याचा पट्टा, बायको भरल्या वांग्याची रेसिपी बघते तर बाजूला सांधेदुखीचं तेल. वडिलांना आम्ही अजून काही बोललो नव्हतो आणि एक दिवस त्यांनीच विचारलं, "तू माझ्या गुडघ्यांचं काय शोधतोयस रे?" काय उत्तर देणार.

मग ब्राउझरची सगळी हिस्टरी पुसली, तरी जाहिराती तशाच. एका मित्राने सांगितलं म्हणून अकाउंटमधला डेटा डाउनलोड करून बघितला तर 2015 पासूनचं सगळं त्यात. नोकरी गेली होती तेव्हा रात्री दोन वाजता मी काय काय टाइप केलं होतं ते पण तारीखवेळेसकट. बायकोला दाखवायच्या आधी फाइल बंद केली.

तर हिस्टरी पुसली म्हणजे मी नेमकं काय पुसलं? आणि कुणाकडे माझं काय आहे ते बघायला, काढून टाकायला आणि उद्यापासून देणार नाही म्हणायला काही सरळ रस्ता आहे का? कायदा झालाय असं ऐकतो, पण तो कुठे भेटतो?

टॅबचाढीग, पुणे

दादा, तुम्ही तुमच्या घरातली वही फाडलीत, दुकानदाराच्या खातेवहीत तुमचं नाव तसंच आहे. एवढंच झालंय.

जरा फोड करून सांगतो. ब्राउझरमधली हिस्टरी तुमच्या मशीनवर असते. दुसरी असते अकाउंटची, म्हणजे गुगलमध्ये लॉगिन करून जे शोधलं, यूट्यूबवर जे पाहिलं ते त्यांच्या सर्व्हरवर. ती 'माय अ‍ॅक्टिव्हिटी'त दिसते आणि तिथेच पुसावी लागते. तिथे ऑटो डिलीट पण आहे, 3, 18 किंवा 36 महिने. 2020 पासून नव्या अकाउंटच्या सर्चला 18 महिने आपोआप लागतं, जुन्या अकाउंटवाल्यांना मात्र स्वतः जाऊन लावावं लागतं, म्हणून तुमचं 2015 पासूनचं साठलं असणार.

तिसरी भानगड कुकीजची, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या ओळखीच्या चिठ्ठ्या, आणि खरा त्रास तिथेच आहे. कुकी 1994 मध्ये नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली नावाच्या इंजिनिअरने काढली ती साध्या कामासाठी, साइटला तुम्ही पुन्हा आलात हे कळावं, कार्टमधलं सामान हरवू नये. पण एकाच जाहिरात कंपनीचा कोड हजार साइटवर बसला की ती एकच कंपनी तुम्हाला हजार ठिकाणी ओळखते. तुम्ही हॉस्पिटलचं पान उघडलंत हे रेसिपीच्या पानाला माहीत नसतं, दोन्हीकडे बसलेल्या तिसऱ्याला असतं. सफारीने हे मार्च 2020 मध्ये सरसकट बंद केलं, फायरफॉक्सने 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला घेतल्या. गुगलच्या क्रोमने जानेवारी 2020 मध्ये दोन वर्षांत बंद करतो म्हणून सांगितलं, मग तारीख पे तारीख, आणि शेवटी 2024 मध्ये बेत रद्द. ज्याचं पोट जाहिरातींवर तोच ब्राउझर बनवतो म्हटल्यावर आणखी काय होणार. सेटिंगमध्ये जाऊन थर्ड पार्टी, म्हणजे त्या तिसऱ्याच्या, कुकीज हाताने बंद करता येतात, करा.

फोन अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात अ‍ॅड्स, तिथे जाहिरातीचा आयडी डिलीट करायचा पर्याय मिळतो. आणि इन्कॉग्निटोच्या, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खासगी खिडकीच्या, भरवशावर राहू नका, त्यावरून अमेरिकेत 2020 मध्ये गुगलवर केस झाली आणि 2024 च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल करावं लागलं. इन्कॉग्निटो घरच्यांपासून लपवतं, समोरच्या साइटपासून नाही. पण खरं सांगू का, तुम्हाला घरच्यांपासूनच लपवायचं होतं, तेव्हा गुडघ्यांसाठी ते बरं पडलं असतं 😄

मिरजमळा_कॉम्प्युटर्स, सांगली

वरचं सगळं बरोबर हाय पण माझ्या दुकानात येणाऱ्या दहातल्या सात लॅपटॉपचं दुखणं वेगळंच असतंय. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरनं जोडलेलं छोटं प्रोग्राम. पीडीएफ जोडायचं, कूपन शोधायचं, व्हिडिओ उतरवायचं असलं कायतरी फुकटचं टाकलेलं असतं आणि टाकताना "सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागतंय ते कोण वाचत नाही. मग कुकी बंद करून काय उपयोग, माणूसच घरात घेतलाय की. दुसरं ते नोटिफिकेशनचं 'अलाऊ'. लोकं ते मध्ये येतंय म्हणून दाबून मोकळं होतात आणि मग व्हायरस आला म्हणत माझ्याकडं येतात.

आणि फुकटच्या अँटिव्हायरसवर पण लै विश्वास नको. अवास्टचं प्रकरण बघा. लोकांनी संरक्षणासाठी टाकलं आणि त्यांच्या जंपशॉट नावाच्या कंपनीनं त्याच लोकांचं ब्राउझिंग विकलं. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या ट्रेड कमिशननं 1 कोटी 65 लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं आणि जाहिरातीसाठी ब्राउझिंग डेटा विकायचा नाही अशी बंदी घातली. राखणदारानंच मळा विकला की ओ. मी स्वतः ते कितीतरी गिऱ्हाइकांना टाकून दिलं होतं, कुणाला सांगू नका.

शांतपणेबघणारा

एवढं कशाला डोक्याला ताप? मी गुडघे शोधले हे कंपनीला कळलं तर कळू दे. लाखो लोक शोधतात, माझं नाव थोडंच लिहिलंय तिथे. लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली.

मोगरा_७१, म्युनिक

शांतपणेबघणारा, नावाची गरजच नसते हो. 2006 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे 2 कोटी सर्च नावं काढून, नुसते नंबर देऊन संशोधनासाठी जाहीर केले. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातल्या एका नंबरमागची आजीबाई शोधून काढली, तिने स्वतःच्या गावातल्या लोकांबद्दल, स्वतःच्या दुखण्यांबद्दल, कुत्र्याबद्दल जे शोधलं होतं त्यावरून. आपण काय शोधतो ते रांगेत लावलं की तेच आपलं नाव होतं.

इकडचं सांगते. युरोपात 25 मे 2018 पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा लागू आहे. तुमच्याकडे माझं काय आहे ते सगळं द्या असं कुठल्याही कंपनीला लिहायचं, साधारण महिन्याभरात द्यावं लागतं, पैसे न घेता. मी एका ऑनलाइन दुकानाला असा मेल केला होता. मला वाटलं ऑर्डरची यादी येईल. आली, पण सोबत एक छोटा तक्ता होता, त्यात मी कशी बाई आहे त्याचे अंदाज. घरात लहान मूल असावं, घर बदलण्याच्या बेतात असावी. मूल आहे, घर बदलायचा विचार तर आम्ही नवरा बायकोने तेव्हा एकमेकांशी पण नीट बोललो नव्हतो! गोदाकाठचा, तुम्हाला जे फाइलमध्ये मिळालं तो कच्चा माल, त्यातून शिजवलेलं काय ते बघायला मागा, ते जास्त महत्त्वाचं.

या मागण्याला घाबरतात कंपन्या. ऑस्ट्रियाच्या मॅक्स श्रेम्सने 2011 मध्ये विद्यार्थी असताना फेसबुककडे स्वतःचा डेटा मागितला तर 1200 हून जास्त पानं आली, त्यात त्याने डिलीट केलेलं पण होतं.

पण इथेही सगळं गोडगोड नाहीये. प्रत्येक साइटवर तो कुकीचा फलक येतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस कंटाळून 'सगळं मान्य' दाबतो. नकाराचं बटण मुद्दाम दोन पायऱ्या आत ठेवायचे, त्यावरून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी 2022 मध्ये गुगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड जाहीर केला, तेव्हा कुठे 'सगळं नाकारा' समोर दिसायला लागलं.

तारखेवाले_वकील, नागपूर

भाऊ, कायदा कुठे भेटतो विचारलं नं तुम्ही, तर रस्त्यात आहे, पोचला नाही अजून.

2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून एकमताने सांगितलं. त्यानंतर मसुद्यावर मसुदे. ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि त्यातही कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिने दिलेत. म्हणजे मे 2027. तोवर तुमच्या वडिलांचे गुडघे बदलून ते गोदाकाठी फिरायला लागतील.

लागू झाल्यावर तुम्ही माहिती मागू शकता, दुरुस्त करायला, पुसायला सांगू शकता, दिलेली संमती मागे घेऊ शकता, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं पाहिजे असं कलमात लिहिलंय. 18 वर्षांखालच्यांवर पाळत ठेवून त्यांच्याकडे रोखलेल्या जाहिरातींना बंदी आहे, तुमच्या पोराच्या कार्टूनला हे लागू पडेल. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यावीच लागेल, म्हणजे मराठीत. आता ती मराठी कोण लिहिणार आणि ती वाचून काय कळणार तो वेगळा विषय आहे बाप्पा.

पण जे गेलं ते पण सांगतो. 2019 च्या विधेयकात आपला डेटा उचलून दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा हक्क होता, 2023 मध्ये तो गायब. दंड 250 कोटीपर्यंत आहे, ऐकायला भारी वाटते, पण तो सरकारजमा होतो, ज्याचा डेटा फुटला त्याला दमडी नाही. उलट भरपाईची वाट दाखवणारं आयटी कायद्यातलं 43अ कलम याच कायद्याने काढून टाकायचं ठरवलंय. आणि खोटी तक्रार वगैरे केली तर तुम्हालाच 10,000 पर्यंत दंड. सरकारी यंत्रणांना सूट आहेच, ते न बोललेलं बरं.

मेल आजच पाठवायला मात्र कोणी अडवलं नाही. मोठ्या कंपन्या युरोपासाठी बनवलेली बटणं आपल्याकडे पण बऱ्याचदा ठेवतात. मराठीतून पाठवा, बघू काय उत्तर देतात.

गोदाकाठचा, नाशिक

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो. ऑटो डिलीट 3 महिन्यांवर टाकलं, थर्ड पार्टी कुकीज बंद केल्या, त्यानंतर एका बँकेची साइट जरा नाटकं करत होती, तेवढ्या एकीला परवानगी दिली. मिरजमळा दादा, एक्स्टेन्शन उघडून बघितली तर अकरा निघाली, त्यातली आठ कुणी टाकली घरात कुणी कबूल करत नाहीये. जाहिरातींच्या सेटिंगमध्ये माझ्या आवडीनिवडी पण सापडल्या. मोगराताई म्हणतात तसा शिजवलेला माल. त्यात मासेमारी होती. मी आयुष्यात गळ हातात धरलेला नाही, पण पोरगा ते माशांचे व्हिडिओ बघतो, म्हणजे आमचं अख्खं घर मिळून त्यांनी एकच माणूस बनवलाय, गुडघे दुखणारा, वांगी खाणारा आणि मासे पकडणारा.

दोन कंपन्यांना मराठीतून मेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच कळवतो. वडिलांच्या फोनचं राहिलंय. सेटिंग बदलून देतो म्हटलं तर फोन हातात द्यायला तयार नाहीत, म्हणतात तू परत काहीतरी बघशील.