मदत हवी आहे: स्क्रॅपबुकच्या पानांसाठी कुठला अल्बम घ्यावा?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. ताईला भेट द्यायला स्क्रॅपबुक करते आहे. पानं जवळजवळ सगळी झाली, आता ती घालायला अल्बम हवा. शोधायला बसलं की रिंगवाले, स्क्रूवाले, पट्टीवाले, स्पायरलवाले असे ढीगभर प्रकार दिसतात आणि प्रत्येकाखाली 'स्क्रॅपबुकसाठी सर्वोत्तम' असंच लिहिलेलं. मला स्क्रूवाला आवडलाय, जाड कापडी पुठ्ठ्याचा. पण मैत्रीण म्हणते की त्यात मधे पान घालायचं म्हणजे डोक्याला ताप. वापरणाऱ्यांनी कृपया नेमकं सांगा, कुठला घेऊ? घाई आहे, याच आठवड्यात मागवायचाय.

भिंगरी
पानांचा आकार काय? आणि ती सुटी आहेत ना, की वहीत केली आहेत?

कातरकाम
डोळे झाकून डी-रिंग घ्या. मी सगळे प्रकार वापरून शेवटी यावरच थांबले. रिंग उघडली, पान घातलं, मिटली, झालं. क्रम बदलायचा तर तेवढंच सोपं. फक्त गोल रिंगवाला घेऊ नका. गोल रिंगेत पानं वळणावर चढतात, कडा एका रेषेत राहत नाहीत आणि कव्हर मिटताना सुरुवातीची-शेवटची पानं मुडपतात. डी आकारात रिंगेची एक बाजू सरळ असते, त्यामुळे पानं एकावर एक नीट बसतात. रिंग कण्याला नाही, मागच्या कव्हरला बसवलेली असावी, एवढं बघून घ्या.

पुठ्ठा
कातरकाम, 'डोळे झाकून' हे जरा जास्त होतंय. रिंगवाला अल्बम उघडला की दोन पानांच्या मधे दोन बोटांची फट आणि तिच्यात चकाकणारं लोखंड. इतक्या मेहनतीने केलेलं काम ऑफिसच्या फाइलसारखं दिसतं. स्क्रूवाला म्हणजे पोस्ट-बाउंड अल्बम पुस्तकासारखा उघडतो, पोस्ट, म्हणजे पानं ओवायचे स्क्रूचे दांडे, आत लपलेले असतात, समोरासमोरची पानं जवळ येतात. पानं वाढली तर एक्सटेन्शन पोस्ट लावून कणा वाढवता येतो.

धागाकर्तीला तोच आवडलाय, तर तोच घेऊ द्या की.

कातरकाम
आणि मधे एक पान घालायचं झालं तर? स्क्रू काढा, वरची सगळी पानं एकेक करून उतरवा, नवं पान ओवा, मग सगळी भोकं परत जुळवत पोस्टवर चढवा. त्यात एखादा स्क्रू घरंगळला की शोधत बसा. ज्यांचा क्रम पक्का आहे त्यांच्यासाठी ठीक आहे.

पुठ्ठा
क्रम आधी टेबलावर मांडून बघायचा असतो, अल्बममधे नाही.

वाचनवेडी
मी म्हणते, एवढी उठाठेव कशाला? सगळ्या पानांचे चांगल्या उजेडात फोटो काढा आणि छापील फोटोबुक करून घ्या. फट नाही, स्क्रू नाही, वजन कमी. शिवाय दोन प्रती काढल्या तर एक तुमच्याकडे राहील.

सांजवेळ
वाचनवेडी, सूचनेबद्दल आभार, पण छापील नकोच आहे. पानांवर कापड आहे, भरतकामाचे तुकडे आहेत, ताई त्यावरून हात फिरवणार, यासाठीच तर केलंय.

भिंगरी, आकार नेहमीचाच, १२ बाय १२ इंच. सुटी आहेत.

रिंग की स्क्रू एवढंच सांगा ना कुणीतरी.

भिंगरी
सांगते, पण तुम्ही आत्ता जे सहज बोलून गेलात त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे. कापड, भरतकाम! म्हणजे पानं जाड आहेत. आता एवढं सांगा:

पानं किती? कागद मोजून सांगा, बाजू नव्हे. दोन्ही बाजूंना चिकटवलंय की एकाच? समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र होतं, असं कुठे आहे का? डाव्या कडेला भोकं पाडण्याइतकी जागा सोडली आहे का? आणि 'जवळजवळ' झाली म्हणजे किती राहिली?

रसायनवाला
रिंग आणि स्क्रूच्या वादात मुख्य गोष्ट राहूनच जातेय. पानं ज्या पारदर्शक स्लीव्हमधे जाणार, त्या कशाच्या आहेत? पीव्हीसी असेल तर अल्बम कितीही देखणा असो, घेऊ नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात, फोटोचा पृष्ठभाग प्लास्टिकला चिकटतो, शाई उचलली जाते. नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला तर शंका घ्यावी. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालेल.

'आर्काइव्हल', 'फोटो-सेफ' या शब्दांवर विसंबू नका, ते कुणीही छापू शकतं. 'पीएटी (फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट) उत्तीर्ण' किंवा आयएसओ १८९१६ असं लिहिलेलं आहे का ते बघा. त्या चाचणीत ते साहित्य प्रत्यक्ष फोटोच्या थराला चिकटून ठेवलं तर डाग पडतो का, रंग उडतो का, हे तपासलेलं असतं. कागद ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री हवा, दोन्ही. नुसता ॲसिड-फ्री असला तरी लिग्निनमुळे, म्हणजे लाकडातून कागदात आलेल्या द्रव्यामुळे, पुढे पिवळा पडू शकतो.

स्लीव्हवर काहीच लिहिलं नसेल तर तांब्याची तार तापवून प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीन आहे.

भिंगरी
तारेची चाचणी कृपया कुणी घरात करू नये. पीव्हीसी जळताना निघणारा धूर घातक असतो. लेबल नसलेल्या स्लीव्ह घ्यायच्याच नाहीत, प्रश्नच मिटला.

रसायनवाला
मोकळ्या हवेत, चिमूटभर तुकड्यावर केली तर काही होत नाही. तरी ज्यांना सवय नाही त्यांनी करू नये, हे मान्य.

जुनी पेटी
या विषयावर आलाच आहात तर माझंही विचारून घेते. आमच्याकडे जुने अल्बम आहेत, चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद उलगडायचा असतो ते. 'मॅग्नेटिक' म्हणायचे त्यांना. गोंदाच्या आडव्या रेघा पार तपकिरी झाल्यात आणि आईचे लहानपणचे फोटो निघतच नाहीत. ओढलं तर कोपरा दुमडतो. काय करू?

कातरकाम
जुनी पेटी, ओढू नका! मेण नसलेला दातांचा दोरा घ्या, फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्या. पान वाकवायचं, फोटो नाही. घट्ट बसलेला असेल तर नाद सोडा. पण सुरुवात करण्याआधी सगळ्या पानांचे आहे त्या स्थितीत फोटो काढून ठेवा.

पुठ्ठा
केसांचा ड्रायरही वापरतात, गोंद सैल होतो.

रसायनवाला
ड्रायर नको. उष्णतेने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, मग त्याच्यावर बोटाचा ठसासुद्धा उमटेल. आईचे एकुलते एक फोटो असतील तर एखाद्या नकोशा फोटोवर आधी दोरा चालवून बघा.

सांजवेळ
माझा धागा भरकटू नका देऊ हो! भिंगरी, मोजून आले.

कागद ३८. बहुतेक एकाच बाजूला, थोडे दोन्ही बाजूंना. दोन पानं मिळून एक चित्र असं एकाच ठिकाणी आहे, समुद्राचा लांबट फोटो मधे कापून दोन पानांवर लावलाय, क्षितिजाची रेघ एका पानावरून दुसऱ्यावर जाते. डाव्या कडेला जागा अजिबात नाही, कडेपर्यंत लिहिलंय. राहिलेली पानं ताईच्या मैत्रिणींची आहेत, त्या आपापलं एकेक पान करून पाठवणार आहेत, कधी ते माहीत नाही. हो, आणि काही पानं ८ बाय ८ ची आहेत, ती चालतील ना त्याच अल्बममधे?

कातरकाम
मैत्रिणींची पानं अजून यायचीत! अहो मग विषय संपला की. रिंग.

पुठ्ठा
समुद्राच्या फोटोचं काय? रिंगेत क्षितिज तुटणार.

भिंगरी
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून एकेक गोष्ट बघू.

कडेपर्यंत लिहिलंय म्हणजे पानांना भोकं पाडता येणार नाहीत. स्पायरल आणि थेट पानं ओवायचे सगळे अल्बम इथेच बाद. स्लीव्ह लागणारच. एका बाजूची पानं पाठीला पाठ लावून एका स्लीव्हमधे दोन जातात, दोन्ही बाजूंची मात्र एकेकच. तेव्हा आधी स्लीव्ह किती लागतील ते मोजा. बऱ्याच अल्बमांबरोबर दहाच येतात, बाकीच्या वेगळ्या मागवाव्या लागतील.

पट्टीवाल्यात, म्हणजे स्ट्रॅप-हिंजमधे, फट सगळ्यात कमी. पण त्याची पानं त्या-त्या कंपनीचीच लागतात आणि मधे पान घालायला पट्टी ओढून काढावी लागते. तुमच्या हातात सुटी तयार पानं आहेत, म्हणून तोही बाद.

राहिले रिंग आणि पोस्ट. इथे जाडी बघायची. भरतकामाचं पान स्लीव्हमधे गेलं की बाहेरच्या बाजूला फुगतं, कण्याशी मात्र नुसतं प्लास्टिक असतं. पोस्ट-बाउंडमधे कणा घट्ट आवळलेला राहतो आणि अल्बम पुढून तोंड वासतो. कण्याकडे पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या घालून ते सावरता येतं, पण तेवढे लांब पोस्टही लागतात. डी-रिंगमधे मुळातच कण्याकडे उंची असते. त्यात मैत्रिणींची पानं कधी येतील आणि मधे कुठे बसतील, माहीत नाही. तुमच्यासाठी डी-रिंगच.

समुद्रासाठी एक उपाय आहे. ती दोन पानं रिंगेच्या दोन बाजूंना ठेवूच नका. डावं पान उजवीकडच्या स्लीव्हमधे घाला आणि त्या स्लीव्हच्या बाहेरच्या कडेला दुसरी स्लीव्ह चिकटपट्टीने जोडा, बिजागरीसारखी. जोडायच्या स्लीव्हची भोकांची पट्टी कापून टाकायची. दुसरं पान आत दुमडलेलं राहतं, बाहेर उलगडलं की समुद्र सलग. चिकटपट्टी ॲसिड-फ्री घ्या, साधी सेलोटेप पिवळी पडून सुटते.

८ बाय ८ ची पानं १२ इंची कार्डस्टॉकवर, म्हणजे जाड कागदावर, मधोमध लावा. सुटी घातली तर स्लीव्हमधे खाली घसरून बसतील.

पुठ्ठा
उलगडणारं पान छान सुचवलंत. तेवढी अडचण मिटली तर माझाही विरोध नाही. पण बटणं, लाकडी तुकडे असलं काही असेल तर पानं लावताना बघा. तीन मिलिमीटरचं बटण त्याच कोपऱ्यात वीस पानांवर आलं तर तिथे सहा सेंटिमीटरचा डोंगर होतो, मग तीन इंची रिंगही पुरत नाही. जाड-पातळ पानं आलटून पालटून लावा.

सांजवेळ
बटणं आहेत. बहुतेक खाली उजवीकडेच.

पुठ्ठा
मग दोन अल्बम करा. खरंच सांगतो. एकच ठासून भरला तर स्लीव्ह शिवणीवर उसवतात आणि कापडाचा दोरा ताणला जातो. दोन सारखे घेतले तर जोडी छान दिसेल आणि मैत्रिणींच्या पानांना दुसऱ्यात जागा राहील.

कातरकाम
पुठ्ठा, आता तुम्ही रिंगवाले दोन घ्यायला सांगताय, आनंद आहे!

सांजवेळ, स्लीव्ह शक्यतो वरून पान घालायच्या घ्या. बाजूने उघड्या असतात त्यातून पान उलटताना जड पान सरकून बाहेर येतं.

वाचनवेडी
तरी माझं ऐका, अल्बममधे घालण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. फोटोबुक करा न करा.

सांजवेळ
वाचनवेडी, हे नक्की करते.

दोन डी-रिंग बघून ठेवलेत, एकाच रंगाचे, कापडी कव्हरचेच मिळाले. स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या, तसं स्पष्ट लिहिलंय. जादा स्लीव्ह दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच बऱ्या वाटतायत, त्या घेतल्या तर चालतील का? आणि हे ताईच्या पुस्तकांच्या कपाटात राहतील ना?

भिंगरी
जादा स्लीव्ह मागवण्याआधी भोकांमधलं अंतर तपासा, मधल्या भोकापासून वरच्या आणि खालच्या भोकापर्यंत. १२ इंची रिंगवाल्यात बरेचदा जुळतं, पण दोन मिलिमीटरचा फरकही पान उलटताना अडतो. एक पाकीट मागवून घालून बघा, मग बाकीची.

कपाटाचं म्हणाल तर पान १२ इंच, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर, पण कव्हर आणि रिंग धरून अल्बम त्याहून बराच मोठा होतो. ३० सेंटिमीटर खोलीच्या फळीवर तो पुढे येणारच. फळीची उंची आणि खोली ताईला न कळता मोजून घ्या. उभेच ठेवा, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, नाहीतर पानांच्या वजनाने स्लीव्ह भोकांपाशी ताणल्या जातात. आडवे एकावर एक ठेवले तर खालच्यातली बटणं समोरच्या फोटोवर दाबली जातील. ज्या पानावर बटणं आहेत त्याच्यासमोर फोटोचं पान येऊ देऊ नका, मजकुराचं येऊ द्या.

जुनी पेटी
दोऱ्याने पहिला फोटो सुटला! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खा. मागे आजोबांच्या अक्षरात तारीख आहे, ती आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. कातरकाम, खूप खूप आभार. हे फोटो आता कुठल्या अल्बममधे लावू, त्याचा वेगळा धागा काढते.

भिंगरी
काढा. आणि पहिल्याच ओळीत फोटोंचा आकार आणि संख्या लिहा.