मदत हवी आहे: ४, ५, ९ चा त्रिकोण होत नाही, हे मुलीला कसं पटवू?

नमस्कार मंडळी, मुलगी सातवीत आहे. कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त हवी, हा नियम तिला पाठ आहे. ३, ४, ८ सेमी घेऊन तिने कंपासने काढून पाहिलं. कंसांमध्ये सेंटिमीटरभर फट राहिली, तिला लगेच पटलं.

अडलंय ते ४, ५, ९ ला. ९ चा पाया काढला, दोन्ही टोकांकडून कंस मारले, तर ते रेषेच्या किंचित वर छेदल्यासारखे दिसतात. "आई, हा बघ, चपटा त्रिकोण झाला!" मी हिशोब केला: बेरीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी वाढली, तरी शिरोबिंदू जवळजवळ २ मिमी वर उचलला जातो. म्हणजे दोष पेन्सिलीच्या जाडीचा. पण तिला डोळ्यांना दिसतं तेच खरं वाटतं, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ शून्य येतं, पण ते सूत्र तिला अजून शिकवलेलं नाही.

आकृतीवर विसंबून न राहता हे समजावण्याची सोपी रीत कुणी सांगाल का?

आणखी एक. सर्वात मोठी बाजू उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा लहान आहे एवढंच तपासलं तर पुरतं ना? मला तरी पुरतं असं वाटतं, पण तिच्या वहीत तिन्ही बेरजा करायला लावल्यात.