बाबांचा जुना पीसी चालू होईना, फॅन फिरतोय पण स्क्रीन काळीच

आंबेवाडी
नमस्कार मंडळी. गावी चिपळूणला बाबांचा २०१२ मध्ये असेंबल केलेला पीसी आहे, आय३ २१००, एच६१ बोर्ड, दोन-दोन जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज ७. पावसाळ्यात आई-बाबा दोन महिने आमच्याकडे ठाण्याला होते, परत जाऊन चालू केला तर फॅन फिरतोय, लाइट लागतोय, पण मॉनिटरवर काही नाही, त्याचा दिवा नुसता लुकलुकतोय. दुकानातल्या पोराने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. मशीनचं दुःख नाही हो, पण त्यात बाबांनी सहा वर्षं खपून श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेला आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत आहे आणि बॅकअप म्हणाल तर पेनड्राइव्हवर २०१६ पर्यंतचा. शनिवार-रविवार इथेच आहे, हातात एक स्क्रूड्रायव्हर आणि मोबाइल. कुठून सुरू करू?

घिसाडी
टाका की राव भंगारात. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्या डब्यावर कशाला दोन दिवस घालवताय. सेकंडहँड लॅपटॉप घ्या आणि मोकळे व्हा.

खोडरबर
घिसाडी भाऊ, प्रश्न नीट वाचा, त्यांना कुळवृत्तांत पाहिजे, डबा नाही.

आंबेवाडी, आधी एक जीव शांत करणारी गोष्ट. बोर्ड खरंच गेला असला तरी फाइली डिस्कवर आहेत. डिस्क काढून साटा-टू-यूएसबी केबलने (साटा म्हणजे डिस्क जोडायचं कनेक्शन; डेस्कटॉपची डिस्क आकाराने मोठी असल्याने सोबत पॉवर अडॅप्टर असलेलीच घ्या) लॅपटॉपला लावली की कॉपी होतात. त्यामुळे कोणी फॉरमॅट मारून बघू म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता कोकणातला पावसाळा आणि दोन महिने बंद मशीन म्हणजे माझा पहिला संशय रॅमवर. दमट हवेत रॅमच्या पट्टीवर थर चढतो आणि कॉन्टॅक्ट जातो. प्लग भिंतीतून काढा (नुसतं बटन बंद नको), मग पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घ्या. दोन्ही रॅम काढा, सोनेरी दात शाळेच्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा फुंकू नका, ब्रशने झाडा, तोंडातली वाफ परत तिथेच बसते. मग एकच रॅम एका स्लॉटमध्ये, नाही झालं तर दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम. दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत, लोक अर्धवट दाबतात आणि बोर्डाला शिव्या घालतात.

आणि कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागला-विझला तर बोर्ड जिवंत आहे, मग मॉनिटर आणि केबल तपासा.

वायरमन_काका
वरचं बरोबर आहे. फक्त एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) उघडू नका हं, प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. बोर्डावरचे गोल कॅपॅसिटर मात्र डोळ्यांनी बघा, डोकं फुगलंय का, तपकिरी काही गळलंय का. आणि पाली बघा, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या कॅबिनेटात अख्खं पालीचं बिऱ्हाड निघालं होतं.

आंबेवाडी
पाल नव्हती, मुंग्या होत्या, भरपूर! कॅप्स लॉक मेला होता. रॅम पुसल्या, पहिल्या स्लॉटमध्ये एकीवर काही नाही, दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली आणि डिस्प्ले आला!! आई देवाला साखर ठेवून आली. पण आनंद पाच मिनिटांचा. सीमॉस चेकसम एरर, एफ१ दाबा असं आलं, तारीख २०१२ ची दिसते, एफ१ दाबलं की विंडोजचा लोगो येतो, निळी स्क्रीन चमकून जाते आणि परत रीस्टार्ट, हेच चक्र. स्टार्टअप रिपेअर करू का विचारतोय.

खोडरबर
थांबा, रिपेअर नको. एफ८ मारून ऑटोमॅटिक रीस्टार्ट डिसेबल करा आणि निळ्या स्क्रीनचा कोड वाचा. शेवटी ७बी आहे का? आणि बाबांना विचारा, एरवी मेन स्विच बंद करायचे का?

आंबेवाडी
७बी च आहे. आणि बाबा म्हणतात मेन स्विच कधीच नाही, नुसतं शटडाउन, या वेळी गावाहून निघताना पहिल्यांदा प्लग काढून ठेवला. याचा काय संबंध?

खोडरबर
हाच तर संबंध. बोर्डावरचा, सेटिंग जपणारा बटन सेल (सीआर २०३२, तीन व्होल्टचा) कधीचा मेला असणार, पण प्लग लावलेला असला की बोर्डाला स्टँडबायचा करंट मिळतो म्हणून सेटिंग टिकून होतं. प्लग निघाला, सेटिंग पुसलं, बायोस (बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) डिफॉल्टवर गेला आणि साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते सेटिंग, बदलला. ज्या मोडमध्ये विंडोज टाकलं होतं तो नसेल तर त्याला स्वतःची डिस्कच सापडत नाही, म्हणून ७बी. घड्याळवाल्याकडून नवीन सेल आणा, अधिकची बाजू वर ठेवून बसवा, डिलीट दाबून सेटअपमध्ये जा, साटा मोड आत्ता काय आहे ते लिहून ठेवा आणि दुसरा करा. एएचसीआय असेल तर आयडीई, आयडीई असेल तर एएचसीआय. तारीखही आत्ताच नीट करा, नाहीतर प्रत्येक वेबसाइट सर्टिफिकेट चुकलंय म्हणून ओरडेल.

आंबेवाडी
एएचसीआय होतं, आयडीई केलं, विंडोज सुरू!!! बाबा तर खुर्ची ओढून बसलेच. सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. पण माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडली तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसताहेत, करप्ट झाली का?

वायरमन_काका
करप्ट नाही. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नसतात, तुमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही एवढंच. निघायच्या आधी त्याच मशीनवर सगळ्याची पीडीएफ करून घ्या, फॉन्ट पीडीएफच्या आत एम्बेड झालाय (सोबत भरला गेलाय) ना ते लॅपटॉपवर उघडून तपासा. मूळ फाइलीही ठेवा, कन्व्हर्टरने युनिकोड करता येईल नंतर, फक्त जोडाक्षरं एकदा बाबांकडून वाचून घ्या.

आंबेवाडी
बाबांनी कन्व्हर्टर शब्द ऐकला आणि म्हणाले, २०१६ नंतरची तीन लग्नं घालायची राहिलीत, आधी ती टाइप करू दे. पीडीएफ रात्री करतो.