मदत हवी आहे: परदेशी अर्जात 'पास आउट' चालेल का?

भाचीचा एमएस्सीचा अर्ज स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाकडे जायचा आहे. एसओपीचं (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) पहिलंच वाक्य तिने असं लिहिलंय: 'आय हॅव पास्ड आउट ऑफ इंजिनिअरिंग इन 2022.' मी तिथेच थांबलो. आपल्याकडे यात कुणाला काही खटकणार नाही, नोकरीच्या जाहिरातीतही '2024 पासआउट' सरळ छापून येतं. पण तिकडे 'ही पास्ड आउट' म्हणजे तो बेशुद्ध पडला. भाचीचा मुद्दाही खोडता येत नाही: खडकवासल्याच्या एनडीएत वर्षातून दोनदा पासिंग आउट परेड होते, मग ते इंग्रजी चुकीचं कसं?

वाक्य बदलावं का? आणि बारावीसाठी काय लिहायचं? अर्ज याच आठवड्यात भरायचा आहे, जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
बदलाच. परेडमधला अर्थ खरा आहे, पण तो ब्रिटिश लष्करी वापरातून आलेला: प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत त्यालाही ग्रॅज्युएशनच म्हणतात. कॉलेजसाठी 'पास आउट' मात्र भारतीय उपखंडातच रुळलंय. त्याला चूक म्हणू नये, इथल्या रेझ्युमेत खुशाल राहू द्या. स्कॉटलंडमधल्या वाचणाऱ्यालाही संदर्भावरून कळेल, पण पहिल्याच ओळीत तो अडखळायला नको.

'आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम' लिहून पुढे कॉलेजचं नाव आणि 'इन 2022'. 'फ्रॉम' गाळू नका. आणि 'हॅव' काढा, माझ्या मते खरी चूक तीच आहे. आपण 'मी 2022 साली पास झालो आहे' असं सहज म्हणतो, त्या 'आहे'मुळे इंग्रजीत 'हॅव' येतं. साल सांगितलं की साधा भूतकाळच हवा.

बारावीला 'ग्रॅज्युएटेड' नको. अमेरिकेत शाळेलाही ते लावतात, ब्रिटनमध्ये मात्र पदवीलाच. 'आय कम्प्लीटेड क्लास ट्वेल्व्ह इन 2018' आणि पुढे बोर्डाचं नाव, एवढं पुरे.

प्रतिसाद २
एक भर घालतो. अमेरिकेत शिक्षक 'पास आउट द पेपर्स' म्हणाले तर ते पेपर वाटायला सांगताहेत. तिथे 'पास देम आउट' असं कर्म मधे घालता येतं. बेशुद्ध पडण्याच्या अर्थी कर्म लागतच नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. 'हॅव'चं कारण तर भाचीला लगेच पटलं. आता एकच अडचण: निकाल 2022चा, पण पदवी प्रमाणपत्रावर 2023 आहे. मग 'ग्रॅज्युएटेड'पुढे कुठलं साल?

प्रतिसाद १
एसओपीत 'कम्प्लीटेड माय डिग्री इन 2022' लिहा, म्हणजे वाद नाही. अर्जात पदवी प्रदान झाल्याची तारीख मागितली असेल, तर तिथे प्रमाणपत्रावरचीच टाका, कारण पडताळणी त्या कागदावरून होते.