मदत हवी आहे: मागची ब्रेक डिस्क निघत नाहीये
मंडळी, गाडी रत्नागिरीत अंगणात पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभी होती (गाढवपणा माझाच). आता मागची डावी डिस्क काही केल्या निघेना. गाडी स्टँडवर, पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला, कॅलिपर (डिस्कला ब्रेक पॅडने चिमटीत धरणारा भाग) काढून तारेने टांगलाय. रात्रभर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) मारून ठेवलं, रबरी हातोड्याने ठोकलं. नुसता गंजाचा भुगा पडतो. डिस्कवरच्या आट्यांच्या दोन भोकांत ८ मिमीचे बोल्ट आलटून पालटून आवळले, तशी केसभर सरकली आणि परत अडकली.

डिस्कच्या आत हँडब्रेकचे शू (आतून बाहेर दाबून ब्रेक लावणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) आहेत. डिस्कला आतून झिजून पडलेल्या कडेत तेच अडकत असतील का? भोकातून अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक दिसतंय. शू आत घ्यायला ते कुठल्या बाजूला फिरवू? नवी डिस्क आणून ठेवलीय, जुनी फुटली तरी चालेल. बेअरिंगला मात्र धक्का नको.