शांत जागा हवी, की पूर्ण प्रश्न?

रावपुरेकर:
नमस्कार. मी बडोद्यात अलकापुरीतील एका लहान कंपनीत ९ वर्षे बॅकएंडचे, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचे, काम करतो. आपण कसे काम करतो आणि आपल्याशी संपर्क कसा साधावा, हे नव्या व्यवस्थापकांनी प्रत्येकाकडून एका पानात लिहून मागितले आहे. मला सकाळी साडेदहा ते दीड अखंड वेळ, भिंतीलगतचे टेबल आणि लेखी प्रश्न हवे आहेत; पण एवढे लिहिले की माणूस शिष्ट ठरतो, अशी धास्ती वाटते.

गेल्या आठवड्यात एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा का कापले जातात, हे मी शोधत होतो. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोन्हींना ‘पैसे बाकी’ हीच नोंद दिसते, इथवर पोचलो असताना चॅटवर आले, ‘फ्री छो?’ मी ‘हो’ म्हटले आणि पुढची ११ मिनिटे काहीच नाही. शेवटी विचारले काय, तर कालच्या फाइलचे नाव. घरून काम करावे, तर दांडिया बाजारातल्या घरी आई दर अर्ध्या तासाने हाक मारते, आणि तिला म्यूट करता येत नाही.

सेमीकोलन:
आपला त्रास गोंगाटाचा कमी आणि अर्धवट प्रश्नाचा जास्त आहे, असे मला वाटते. त्यामुळे पानात स्वभाव लिहू नका, वेळा लिहा: ‘चॅट दीड वाजता वाचतो, सर्व्हर बंद पडल्यास लगेच फोन करावा.’ सोबत एक नमुना द्या: ‘कालपासून बिलाचे पान उघडत नाही, ५०० क्रमांकाची चूक येते, लॉग जोडला आहे, संध्याकाळपर्यंत उत्तर चालेल.’ लिनक्स या संगणक प्रणालीच्या कर्नलचे, म्हणजे गाभ्याचे, काम १९९१ पासून मुख्यतः ईमेलवर चालत आले आहे. त्या मंडळींना एका दालनात बसवावे लागले नाही.

गोत्रीची_ताई:
लेखी प्रश्नाला माझा पाठिंबा आहे, कारण आमचे ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो आणि एक तपशील राहिला की अख्खा दिवस जातो. मात्र हाच नियम मी टीममध्ये कडक केला, तेव्हा तीन महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा दोन दिवस गप्प अडकून बसला, कारण नेमके काय विचारायचे हेच त्याला लिहिता येत नव्हते. चूक माझी होती. आता चार ते साडेचार कोणीही खुर्ची ओढून कच्चा प्रश्न विचारावा, अशी मुभा आहे.

भिंती नसलेल्या मोकळ्या दालनाने संवाद वाढतो, हे व्यवस्थापकांनी गृहीत धरू नये. बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये दोन कंपन्यांच्या मुख्यालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे मोकळी रचना आल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले. आमच्याकडेही भिंती गेल्या आणि हेडफोन आले.

रावपुरेकर:
ताई, त्या मुलाची गोष्ट लागली. मीही पहिल्या वर्षी तसाच बसलो होतो. पानात वेळा, फोनची अट आणि चार वाजताची खुर्ची, तिन्ही घातली आहेत. भिंतीलगतच्या टेबलाचा आग्रह सोडला नाही. पान गुजरातीतही द्यायचे आहे, आणि ‘आधी पूर्ण प्रश्न लिहा’ हे वाक्य तिकडे मराठीइतके टोचत नाही, हे लिहिताना लक्षात आले.